मुक्या मशीनचे इनासकाका

इनासकाका दिसायला कसे होते, असं मला कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, माहीत नाही. माझी नजर सव्विसाव्या वर्षी पूर्ण गेली आणि इनासकाका भेटले तेव्हा मी एकतिशी गाठली होती. उंच होते म्हणतात. आवाज माझ्या डोक्याच्या बराच वरून यायचा, म्हणजे असतील. अंगाला ओल्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा वास, त्यात थोडा सोल्डरिंगच्या धुराचा. हात मात्र मला पाठ होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं आणि ते बोलता बोलता त्या चिरेवरून बोट फिरवत राहायचे, त्याचा बारीक आवाज यायचा. तो आवाज थांबला की समजायचं, काका आता विचार करतायत, गप्प बसावं.

त्यांचं पूर्ण नाव इनास तुस्कानो. वसईजवळ गिरीजला त्यांची केळीची वाडी. मुंबईतल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर होते, कारखाना बंद झाला तेव्हा घरी आले आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले. वाडीत कॉम्प्युटर कुठून आला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुतण्याचा बंद पडला होता. तो म्हणाला फेकून देतो. मी म्हटलं, फेकायच्या आधी उघडून तर बघू." एवढंच. बायकोशी ते आपल्या घरच्या बोलीत बोलायचे, त्यातलं एक अक्षर मला कळायचं नाही. माझ्याशी मात्र चर्चमध्ये वाचतात तशी स्वच्छ मराठी, आणि हाक मारायची ती 'बाय'.

मी तेव्हा वसईतल्या एका सरकारी कार्यालयात लागले होते, अपंगांच्या राखीव जागेवर. लागले होते म्हणजे काय, तर रोज मस्टरवर सही करत होते. आमचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा स्वभाव नको इतका दयाळू. "मयेकर बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? बसा निवांत. नोकरी कुठे जातेय?" खिडकीजवळ एक खुर्ची होती, तिच्यात मी दहा महिने बसले. पंखा किती वेळा कुरकुरतो ते मोजलं. तुम्हाला सांगते, मरमर काम करून माणूस थकत नाही इतका नुसतं बसून थकतो. कोणी 'बिचारी' म्हणालं की माझं डोकं फिरायचं, आणि तिथे तर आख्खं कार्यालय म्हणायचं.

मग मी हट्टाला पेटले. अंधांसाठीच्या एका संस्थेत जाऊन बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम शिकले. त्यात एक प्रोग्रॅम असतो, तो पडद्यावर काय आहे ते इंग्रजीत वाचून सांगतो आणि आपण कोणती कळ दाबली तेही सांगतो. मराठी टायपिंग माझ्या बोटांत नजर होती तेव्हापासूनचं होतंच. पोचपावत्या, आवक-जावकच्या नोंदी, ठरावीक नमुन्याची पत्रं, एवढं मी सहज करू शकत होते. साहेबांच्या मागे लागून लागून कार्यालयातला एक जुना कॉम्प्युटर मिळवला. साहेब म्हणाले, "तीन महिने बघू. पण एक सांगतो बाई, मशीन बंद पडलं की दरवेळी कोणाला तरी बोलवायचं, हे मला चालणार नाही. तसं असेल तर आपली खुर्ची आहेच."

म्हणजे तीन महिन्यांत एक तर काम, नाही तर जन्मभर ती खुर्ची.

नवव्या दिवशी मशीन मुकं झालं. बटण दाबलं, पंखा फिरला, सगळा आवाज नेहमीसारखा, पण बोलेचना. शेजारच्या लोपीस बाई बघून म्हणाल्या, "अगं, चालू आहे की! सगळं दिसतंय छान." दिसतंय ना, दिसणारच. मला काय उपयोग? माझ्यासाठी तो पत्र्याचा डबा होता. लोपीस बाईंनी ओळखलं, माझा रडवेला चेहरा झाला असणार. म्हणाल्या, "आमच्या नात्यात एक काका आहेत. विचारते."

दुसऱ्या दिवशी इनासकाका आले. त्याआधी मशीन जोडायला, प्रोग्रॅम घालायला आलेल्या प्रत्येकाने माझ्या शेजारच्या माणसाला विचारलं होतं, "यांना काय हवंय?" माझ्या तोंडावर, मी तिथे नाहीच असं धरून. काकांनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसले आणि मला विचारलं, "बाय, बंद पडायच्या आधी तू शेवटचं काय ऐकलंस?"

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मी धडाधडा सगळं सांगितलं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग पडद्यावर बघून म्हणाले, आवाजाच्या कार्डापुढे पिवळं उद्गारचिन्ह आलंय, ड्रायव्हर खराब झालाय. ड्रायव्हर म्हणजे काय, तेही त्यांनीच सांगितलं. "कार्डाची बोली वेगळी, मशीनची वेगळी. मधे एक दुभाष्या लागतो. कार्ड ठणठणीत आहे, मशीन ठणठणीत आहे, दुभाष्या आजारी आहे." त्यांनी पिशवीतून सीडी काढली, जुना ड्रायव्हर काढून नवा घातला आणि मशीन बोलायला लागलं. तोवर समोर ठेवलेला चहा पार थंड झाला होता. लोपीस बाई गरम करून आणते म्हणाल्या तर नको म्हणाले. काम झाल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही आणि मग तो थंडगार चहा चवीने प्यायचा, ही त्यांची कायमची रीत. पुढे त्यांना मी मुद्दाम थंड चहा दिला एकदा. तोही तितक्याच चवीने प्यायले.

माणूस शांत, पण जिभेला धार होती. आमच्या इमारतीत देवधर म्हणून होते, सगळ्यातलं कळणारे. त्यांच्या प्रिंटरमधून नुसते चौकोन आणि टिंबं छापून यायला लागली, म्हणून मी काकांना त्यांच्याकडे घेऊन गेले. देवधरांनी प्रिंटरची सीडी हरवली होती आणि मित्राच्या प्रिंटरची आणून घातली होती. नंतर आणखी कोणाची तरी. असे सात ड्रायव्हर एकावर एक. "सगळे प्रिंटर सारखेच असतात हो," देवधर म्हणाले. काका म्हणाले, "देवधर, शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचता का तुम्ही?" मी तोंडाला पदर लावला. काकांनी सातही ड्रायव्हर काढले, मशीन बंद करून चालू केलं, आणि हवा तो एक घालायला दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणायचे. "दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कळणार नाही. मग पुढच्या वेळी काय करशील?" हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की अजून भाजीत मीठ आणि तिखट एकदम घालताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

माझं मशीन मात्र चार दिवसांनी पुन्हा मुकं झालं. काका आले. फोनलाइनचं एक कार्ड आत होतं, ते आवाजाच्या कार्डाशी भांडत असेल म्हणून काढून ठेवलं. मशीन बोललं. आठवड्याने पुन्हा मुकं. काका पुन्हा आले, कुठूनतरी दुसरा, नवा ड्रायव्हर मिळवून आणला, घातला. बोललं. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ठप्प. आता साहेबही टेबलाजवळ येऊन उभे राहायला लागले होते. "बाई, ही चौथी वेळ," ते अगदी मायेने म्हणाले. ती माया ऐकून मला खिडकीजवळची खुर्ची आठवली.

त्या चौथ्या वेळी मी काकांना पहिल्यांदा चिडलेलं ऐकलं. नखावरचं बोट थांबलं होतं. मग म्हणाले, "बाय, ऊठ. मला तुझ्या खुर्चीत बसू दे."

ते बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. लोपीस बाईंना म्हणाले, "पडदा बंद करा." आख्खं कार्यालय गोळा झालं होतं, कोणीतरी फिसकन हसलंही. काका म्हणाले, "आता सांग. संध्याकाळी घरी जाताना तू मशीन कसं बंद करतेस? एकेक सांग, मी करतो."

ड्रायव्हर त्यांनी आधीच घातला होता, त्यामुळे मशीन बोलत होतं. मी सांगत गेले, ते कळा दाबत गेले. मशीनने निरोपाचं वाक्य म्हटलं आणि आवाज बंद झाला. मी म्हटलं, "झालं. आता मागचं बटण बंद करा."

त्यांनी केलं नाही. डोळ्यांवर टॉवेल तसाच ठेवून त्यांनी माझा हात धरला आणि डब्याच्या कुशीवर ठेवला. आत काहीतरी बारीक टिकटिकत होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अजून लिहितंय ते."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते जुनं मशीन आपणहून बंद होणारं नव्हतं. सगळं आवरलं की पडद्यावर 'आता बंद करायला हरकत नाही' अशी ओळ येते, ती वाचून डोळस माणूस बटण दाबतो. मला ओळ कुठून दिसणार? बोलणारा प्रोग्रॅम सगळ्यात आधी बंद व्हायचा. बोलणं थांबलं की मला वाटायचं झोपलं, आणि मी खटकन बटण दाबायचे. रोज. ते बिचारं लिहीत असायचं आणि मी हातातलं पान ओढून घ्यायचे. एखाद्या दिवशी निभावून जायचं, एखाद्या दिवशी नेमकं ड्रायव्हरचंच पान फाटायचं.

म्हणजे चारही वेळा मीच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. साहेब मागेच उभे होते, त्यांच्या चपलांची करकर मला ओळखू यायची. मी कबूल करायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी टॉवेल सोडला आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी तीन वेळा डोळे उघडे ठेवून दुरुस्ती केली. जिचं मशीन आहे तिच्या खुर्चीत बसायला मला दोन आठवडे लागले."

साहेब आत गेले. मी पदराने डोळे पुसले आणि काका चहा प्यायले, अर्थातच थंड.

बंद करायची रीत त्यांनी तिथेच शिकवली. हात कुशीवर ठेवायचा, टिकटिक थांबली की 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा सावकाश म्हणायची, मग बटण. मी म्हटलं, मला ती येत नाही. "मग तुझं काय असेल ते म्हण. तेवढं लांब पाहिजे फक्त." मी एकोणतिसाचा पाढा धरला. तो मला कधीच भरभर आला नाही, त्यामुळे वेळ बरोबर जमला. काकांना हे कळल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. "वसईची वीज काही तुझ्या साहेबांच्या हाताखाली नाही," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा जाते. मशीन पुन्हा मुकं होणार. तेव्हा ड्रायव्हर तूच घालायचा." मी म्हटलं, मशीन मुकं असताना मी आंधळी काय करणार? ऐकू पण येणार नाही आणि दिसणार पण नाही. 

आठवड्याने काका आले ते हातात एक दोरी घेऊन. केळीच्या खोडाच्या सोपटाची, घट्ट वळलेली, हातभर लांब. माझ्या हातात दिली. तिला गाठी होत्या. लहान गाठ म्हणजे बाणाची कळ एकदा. जोडगाठ म्हणजे टॅब. लाकडी मणी आला की एंटर. आणि चिंधी बांधलेली असेल तिथे थांबायचं आणि ऐकायचं, सीडी फिरतेय का, आत टिकटिक चालू आहे का. "आमच्या रोझरीच्या माळेत असंच असतं, लहान मणी, मोठे मणी," ते म्हणाले. "माझी आई काळोखात म्हणायची, कधी चुकली नाही." चार दिवस त्यांनी घरी डोळे बांधून, पडदा बंद करून एकेक पायरी मोजली होती. हाताला ओळखू यावी म्हणून सीडीच्या कव्हराला विळ्याने एक खाच पाडली होती, वाडीत कापलेल्या लोंगराच्या, म्हणजे केळीच्या घडाच्या, दांड्याला पाडतात तशी.

मग सराव. ते मुद्दाम ड्रायव्हर बिघडवायचे आणि शेजारी बसून राहायचे. मी चुकले तरी ब्र काढायचे नाहीत. सगळं संपून मशीन मुकंच राहिलं की मग विचारायचे, "कुठे चुकलीस?" एकदा माझा तोल सुटला. मी दोरी टेबलावर आपटली आणि ओरडले, "सांगा ना आताच! तुम्हाला दिसतंय ना!"

"मला दिसतंय," ते म्हणाले. "पण मी रोज इथे नसणार."

मी रडले. ते थांबले माझं रडणं संपेपर्यंत, पिशवीतून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, काढून एक माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती खाऊन झाल्यावर म्हणाले, "चल, पहिल्या गाठीपासून." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तीन महिन्यांची मुदत संपायला चार दिवस राहिले होते. सोमवार. साहेबांनी मला अर्ज घेऊन पोचपावती द्यायच्या खिडकीवर बसवलं होतं आणि बाहेर ही रांग. अकराच्या सुमाराला वीज गेली, पाच मिनिटांत आली. मशीन चालू केलं तर मुकं.

रांगेत कुजबुज सुरू झाली. "अहो, त्यांना दिसत नाही." "मग बसवलंय कशाला?" नवा लागलेला एक कारकून माझ्या खांद्यावरून वाकला, "बाई, सरका जरा, मी करतो पटकन."

"हात लावू नका," रांगेतून, वरून, आवाज आला. "बाईंचं काम चाललंय."

 काका तिथे आहेत हे मला माहीतही नव्हतं. गडबड ऐकून साहेब बाहेर आले. "अरे, तुस्कानो! बरं झालं तुम्ही इथेच आहात. या आत, करून टाका."

"मी वाडीच्या कामाचा अर्ज द्यायला आलोय, साहेब," काका म्हणाले. "माझा तिसरा नंबर आहे. मी रांगेत थांबतो."

मी दोरी मांडीवर घेतली.  पहिली गाठ, दुसरी, जोडगाठ, मणी. खाचेची सीडी शोधून आत सरकवली. चिंधी. थांबले. सीडी फिरायला लागली. गाठ, गाठ, मणी. रांगेत कोणाचं तरी तान्हं मूल तेवढं कुरकुरत होतं. शेवटची चिंधी. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, एक बीप आला आणि मग काहीच नाही. टिकटिक चालू होती. मी हात कुशीवर ठेवून बसले. मनात म्हटलं, आता बोललं नाहीस तर मी ती खुर्ची स्वतःच उचलून आणते.

आणि ते बोललं. त्या इंग्रजी आवाजात, खणखणीत.

साहेबांच्या चपला करकरत आत गेल्या. मी पहिल्या माणसाला पावती दिली, दुसऱ्याला दिली. मग म्हटलं, "पुढे या. नाव?"

"इनास जुजे तुस्कानो. मुक्काम गिरीज."

मी टाइप केलं. पावती फाडून खिडकीतून पुढे केली. "तारीख बरोबर पडलीय ना, बाई?" त्यांनी विचारलं, कोणीही अनोळखी माणूस विचारेल तसं. मी म्हटलं, "पडलीय." ते गेले. त्यांच्याशी माझी भेट झाली ती तीच शेवटची.

चार दिवसांनी साहेबांनी माझ्या फाइलवर शेरा मारला. लोपीस बाईंनी वाचून दाखवला: 'काम स्वतंत्रपणे करतात.' मी त्यांच्याकडून तो तीनदा वाचून घेतला.

नंतरच्या चार वर्षांत मशीन आणखी पाच-सहा वेळा मुकं झालं आणि दरवेळी मीच बोलतं केलं. पुढे तर दोरीही लागेना. खरं सांगते, मी फुशारले होते. गिरीजला जाऊन यायचं, काकांना भेटायचं, हे दर महिन्याला ठरवायचे आणि राहून जायचं. साधा एक फोनसुद्धा केला नाही. आणि एका सोमवारी लोपीस बाईंनी सांगितलं की इनासकाका गेले, काल माती झाली.

त्यांच्या सातव्या दिवसाच्या मिस्साला मी चर्चमध्ये गेले. नंतर घरी त्यांच्या बायकोजवळ, रोझकाकींजवळ बसले. त्यांचे हात हातात घेतले आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, "काकी, मी कसली कृतघ्न बाई! ज्यांच्यामुळे माणसांत बसले त्यांना चार वर्षांत एक फोन नाही केला."

"अगं वेडे," काकी म्हणाल्या, "ते दर शनिवारी विचारायचे मला. मयेकर बाईंचा फोन आला का? मी म्हणायचे, नाही. तर म्हणायचे, नाही ना? छान. म्हणजे मशीन बोलतंय तिचं. शेवटी हॉस्पिटलात नळ्या घातलेल्या, बोलता येत नव्हतं. शनिवार होता. माझ्याकडे बघून कानापाशी हात नेला, फोनची खूण केली. मला आधी कळेचना. मग कळलं. मी मान हलवली, नाही आला. तर हसले गं."